लाल फडक्यातला डिटेक्टिव्ह

फडक्याची चूक माझी नव्हती, हे आधी नोंदवून ठेवतो. आज चौसाळ्यात कुणालाही विचारा, तो सांगेल की शहादेव मोजणीवाल्यानं पोथीच्या नावाखाली गावाला चोरीमारीचं पुस्तक ऐकवलं. मी छत्तीस वर्षं मोजणी खात्यात भूकरमापक होतो. भावाभावांतले बांध दाखवले, दोन्ही भावांच्या शिव्या खाल्ल्या, एकदा तर आडात ढकलला जाता जाता वाचलो, पण फसवलं कुणालाच नाही. फडकं लाल होतं ते आमच्या सौ. वत्सलाबाईंमुळे. घरात दुसरं धुतलेलं फडकं नव्हतं आणि कागदांवर धूळ बसू नये एवढाच त्यांचा हेतू होता.

बेत खरं तर केवढा? एका म्हाताऱ्या माणसाला एक गोष्ट वाचून दाखवायची. बस्स.

तो म्हातारा माणूस म्हणजे म्हाळूअण्णा. वय एक्क्याऐंशी. जन्म मेंढ्यांमागे हिंडणाऱ्या घरातला, सगळी नोकरी परळीच्या वीज केंद्रात, आणि आता मुक्काम आमच्या गल्लीच्या टोकाला पुतण्याच्या घरी. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले, त्यामुळे माणूस ओळखतात ते आवाजावरून. माझा आवाज ते लांबूनच ओळखतात आणि अजून मला ‘बे’ म्हणतात. सदुसष्टाव्या वर्षी मला ‘बे’ म्हणणारं दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून मीही ते जपून ऐकतो.

आमची ओळख परळीची. एक्क्याऐंशी साली माझी पहिली नेमणूक तिथं झाली आणि स्टेशनमागच्या पत्र्याच्या खोल्यांत मला एक खोली मिळाली. शेजारच्या खोलीत म्हाळूअण्णा आणि सटवा राहत. सटवा घड्याळं दुरुस्त करायचा. दोन माणसं, एक खोली, एक सायकल, एक आरसा. आमच्या दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत राखेनं करडे व्हायचे, आणि म्हाळूअण्णा पाळीवरून आले की आधी सटवाचा सदरा झटकून घडी घालायचे, मग स्वतःचा. मला त्या राखेचा तेव्हा फार राग यायचा. आता बीडला जाताना कधी कोळशाचा ट्रक पुढं असला आणि तो वास आला, तर मी खिडकीची काच लावत नाही.

त्या खोलीतला रोजचा सोहळा म्हणजे डिटेक्टिव्ह कादंबरी. स्टँडवरच्या पानटपरीत त्या भाड्यानं मिळायच्या. मुखपृष्ठावर पिस्तूल, उंच टाचांची बाई आणि घाबरलेला शेठ, हे तीन ऐवज ठरलेले. शेवटचं पान मात्र कधीच नसायचं. आधीच्या कुणीतरी ते फाडून नेलेलं असायचं, कशासाठी ते देव जाणे, बहुधा विडी पेटवायला. सटवा वाचायचा, म्हाळूअण्णा भाकरी थापत ऐकायचे आणि मी उंबऱ्यात बसायचो. फाटक्या पानापाशी आला की सटवा क्षणभर थांबायचा आणि मग तसंच पुढं ‘वाचत’ राहायचा. आवाज तोच, डोळे पुस्तकावरच. त्याच्या शेवटात चोर सापडायचा, डिटेक्टिव्ह गाडीतून उतरायचा, राखेतून चालत घरी यायचा. दार लोटलेलं असायचं आणि आत कुणीतरी चहा ठेवलेला असायचा.

कोणी, ते सटवा सांगायचा नाही. म्हाळूअण्णाही विचारायचे नाहीत. पाचव्या-सहाव्या कादंबरीला माझ्या लक्षात आलं की सटवाचा डिटेक्टिव्ह त्या टाचांच्या बाईकडे एकदाही गेलेला नाही. मग बाकीचंही लक्षात आलं. मोजणीवाल्याला हद्द जरा उशिरा का होईना, कळते. समलिंगी हा शब्द मला पुढं निवृत्तीच्या सुमारास वर्तमानपत्रात भेटला. त्या वेळी परळीत शब्दच नव्हता. लोक म्हणायचे, खोलीचं भाडं वाचवतात बिचारे.

एकदा सटवा भिंगातून माझ्याकडे बघत म्हणाला, “शहादेव, तू शिकेल माणूस हायस. एक पुस्तक लिही बे. डिटेक्टिव्ह आपल्या इकडचा. आमच्यासारखा. आन् त्याचं शेवटचं पान कुनाला फाडू देऊ नको.”

मी हो म्हणालो. त्या वयात माणूस सगळ्यालाच हो म्हणतो.

अकरा वर्षांपूर्वी सटवा गेला. म्हाळूअण्णा एक ट्रंक घेऊन चौसाळ्याला आले. त्यांना भेटायला कुणी आलं नाही. सुतक नाही, दुखवटा नाही. गावाच्या लेखी त्यांचा खोलीतला सोबती वारला होता, आणि सोबती वारल्यावर कपाळाला हात लावून बसायची आपल्याकडे पद्धत नाही. मी तेव्हा जालन्याला नोकरीत होतो. पत्र टाकलं. चार ओळींचं. त्या पत्राची मला अजून लाज वाटते.

गेल्या वर्षी म्हाळूअण्णांनी सहज विचारलं, “त्या पुस्तकाचं काय झालं बे?” आणि मी लिहायला बसलो.

आठ महिने लिहिलं. साल घेतलं एकोणीसशे पंचावन्न, कारण त्या काळातल्या चुका दाखवायला फारसं कुणी हयात नसेल असा माझा अंदाज होता. तो चुकला. आष्टीच्या बाजारातून एका बागायतदाराची पांढरी घोडी नाहीशी होते आणि तपासाला परळीचा खाजगी डिटेक्टिव्ह अभिमन्यू येतो. अभिमन्यूबरोबर एका घरात राहतो रेल्वेचा तारबाबू परमेश्वर. आठव्या प्रकरणात मी स्वच्छ लिहिलं, “अभिमन्यूचा परमेश्वरवर जीव होता आणि परमेश्वरचा अभिमन्यूवर. नवरा-बायकोचा असतो तसा.” एवढ्या दोन वाक्यांना मला नऊ दिवस लागले. घोडी चोरायला एकच दिवस लागला होता.

यंदा अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. दुपारी चारला मी म्हाळूअण्णांच्या अंगणात चिंचेखाली गेलो, स्टुलावर बाड ठेवलं, लाल फडकं सोडलं आणि वाचायला लागलो. तेवढ्यात शेजारच्या भामाबाई पाण्याची कळशी घेऊन चालल्या होत्या. त्यांनी काय पाहिलं? अधिक मास. स्टुलावर लाल फडकं. मांडी घालून वाचणारा एक आणि डोळे मिटून ऐकणारा एक. त्यांनी कळशी खाली ठेवली, चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडून बसल्या.

मी थांबून सांगायला हवं होतं. पण घोडी नुकतीच चोरीला गेली होती आणि लय लागली होती. अर्ध्या तासानं भामाबाईंनी विचारलं, “हे कोन्त्या देवाचं म्हनायचं?”

“हे डिटेक्टिव्हचं आहे, भामाबाई.”

“व्हय का?” त्या म्हणाल्या, आणि थोडं थांबून, “मंग घोडी कुनी नेली?”

दुसऱ्या दिवशी त्या नारळ घेऊन आल्या, बरोबर सात बायका. नारळ स्टुलापुढं फुटला आणि माझा घात झाला. नारळ फुटला म्हणजे पोथी लागली, आणि लागलेली पोथी अर्धी सोडता येत नाही. सोडली तर गावावर काय काय येतं याची यादी भामाबाईंना पाठ होती.

तिसऱ्या दिवशी सुंदरराव आले ते रुसूनच. सुंदरराव म्हणजे गावचे अर्थ सांगणारे. आपल्याकडे पोथीला एक वाचणारा लागतो आणि एक अर्थ सांगणारा, आणि तीस वर्षं दुसऱ्या जागेवर सुंदररावच बसत आलेत. मला म्हणाले, “पोथी लावता आन् आमाला आवतन न्हाई? कावून? आमी मेलो का?” मी म्हटलं, सुंदरराव, ही साधी गोष्ट आहे, हिला अर्थ लागत नाही. ते म्हणाले, “अर्थाबिगर पोथी आसतीच कशी?” आणि माझ्या डाव्या हाताला मांडी घालून बसले.

मी वाचलं, “अभिमन्यूनं दाराला कान लावला.”

सुंदरराव डोळे मिटून म्हणाले, “अभिमन्यू म्हंजी जीव. दार म्हंजी देह.”

मी वाचलं, “आतून घोडी खिंकाळली.”

“घोडी म्हंजी वासना,” सुंदरराव म्हणाले, आणि बायकांनी माना डोलावल्या. आठ महिने खपून उभं केलेलं माझं रहस्य तिथं चिंचेखाली परमार्थाला लागत होतं, आणि लेखक म्हणून मला विचारणारं कुणी नव्हतं.

त्या दिवसांत ऊसतोडीला गेलेली माणसं गावात परतलेली होती. काम नाही, उन्हाची काहिली. पाचव्या दिवशी अंगण पुरेना, म्हणून बैठक खंडोबाच्या देवळापुढच्या पत्र्याच्या मंडपात गेली. मंडप हायवेला लागून. अभिमन्यू दबक्या पावलांनी चालायला लागला की नेमका एखादा ट्रक हॉर्न मारायचा. मागच्यांनी आरडाओरडा केला की लाऊडस्पीकर लावा, आणि लाऊडस्पीकरसाठी मी पोलिसांत अर्ज घेऊन गेलो.

हवालदार सज्जन होते. अर्जात कार्यक्रमाचं स्वरूप विचारलं होतं : धार्मिक, सांस्कृतिक की राजकीय. मी घुटमळलो.

“काय लिहू?” ते म्हणाले.

“चोरीचं आहे,” मी प्रामाणिकपणे सांगितलं.

त्यांचं पेन थांबलं. “चोरी? कवा झाली?”

“एकोणीसशे पंचावन्नला.”

“तक्रार दाखल हाय का?”

शेवटी त्यांनी बाड ठेवून घेतलं. चौकशीसाठी. तीन दिवस माझा अभिमन्यू कपाटात, गाव माझ्या दारात, आणि मी त्या तीन दिवसांत चहा पाजून पाजून रडकुंडीला आलो. चौथ्या दिवशी बाड आलं तेव्हा समासात लाल शाईनं शेरे होते. “पंचनाम्यास दोन पंच हवेत, येथे एकच.” “ठसा दुधाच्या भांड्यावर असा उमटत नाही.” आणि चौदाव्या प्रकरणाशेवटी (पुढचा भाग मी घरीच ठेवला होता), “पुढचे लवकर द्यावे.” परवानगी मिळाली. वर हवालदारांनी हळूच विचारलं, “डिटेक्टिव्ह बिनलग्नाचा ठेवलाय कावून?”

तो प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला. इथं माझी चूक झाली, हे मान्य करतो.

पण त्या प्रश्नाचं पुढं काही व्हायच्या आत आष्टीचं प्रकरण उभं राहिलं. आमच्या समोरच्या घरातली सून वर्षाराणी, तिचं माहेर आष्टीचं. चोर आष्टीचा निघणार अशी कुणकुण लागताच तिनं आमच्याकडचं विरजण नेणं बंद केलं. “मामा, आमच्या आष्टीचीच मानसं चोर दिसली का तुमाला?” मी चोर हलवला. पाटोद्याचा केला, तर पाटोद्याचा एक जावई श्रोत्यांत होता. केजचा केला, तर केजचे दोन. मोजणी करताना इंचभर हद्द सरकवली नाही, आणि इथं आठवडाभर मी एक चोर तालुक्यातालुक्यातून हिंडवत होतो. शेवटी माझ्याच कैलासवासी आजोबांना चोर केलं. ते तक्रार करणार नव्हते. रात्र व्हायच्या आत अंबाजोगाईहून आत्याबाईंचा फोन आला. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.

आणि या सगळ्या गोंधळात आठवं प्रकरण आलं. ती दोन वाक्यं.

मी लाऊडस्पीकरवर ती वाचली. कुणीतरी खोकलं. सगळ्यांनी सुंदररावांकडे पाहिलं. सुंदररावांनी एकदा घसा साफ केला आणि म्हणाले, “म्हंजी जिवा-शिवाची भेट. दोस्ती आसावी तर अशी.” सगळ्यांना हायसं वाटलं. दोस्ती म्हटल्यावर अडचण राहिली नाही. पुढं वाचा म्हणाले.

मी पुढं वाचलं. “नाही, दोस्ती नव्हे,” एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी म्हणालो नाही. समोर म्हाळूअण्णा काठीनं जमिनीवर रेघा ओढत होते.

त्यांना घरी सोडताना ते म्हणाले, “सुंदरराव लई गोड बोलतो. सटवाला बी लोकं असंच गोड बोलून बाजूला सारायचे.” मग जरा चालून म्हणाले, “शेवट तरी नीट लिहिलाय ना बे?”

“लिहिलाय,” मी म्हणालो. खरंच लिहिला होता. सटवा सांगायचा तसाच.

पण इकडे भामाबाईंनी अभिमन्यूचं लग्न काढलं होतं. “अडतीस वर्साचा गडी, सोताचा धंदा, यसन न्हाई, आन् बिनलग्नाचा? लिहिताना तुमाला कायीच वाटलं न्हाई?” मुलगीही त्यांनीच शोधली. घोडीवाल्या बागायतदाराची लेक अंजू. अंजू माझ्या कादंबरीत एकदाच येते, दुसऱ्या प्रकरणात, आणि अभिमन्यूला तांब्याभर पाणी देते. तेवढ्या पाण्यावर बायकांनी सोयरीक पक्की केली.

आता हे जाणून घ्या की पोथीत स्वयंवर आलं की आमच्याकडे ते नुसतं वाचत नाहीत, लावतात. हळद भिजते, अक्षता वाटतात, वाजंत्री येते, जेवण होतं. तेव्हा समाप्तीच्या दिवशी डिटेक्टिव्हचं लग्न, असं ठरलं. एकानं शंका काढली की अधिक महिन्यात लग्न कसं? सुंदररावांनी निकाल दिला, “पोथीत फाल्गुन चालू हाय. पोथीतलं लगीन पोथीतल्या पंचांगावर.” बुंदीचं सामान आलं. हलगीवाला ठरला. त्याला वाचनातलं काही कळणार नाही म्हणून सांगून ठेवलं, की शहादेवमामांनी हात वर केला की वाजवायचं.

मी भामाबाईंकडे गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो की सगळं सांगायचं. त्या अक्षतांना कुंकू चोळत होत्या. म्हटलं, “भामाबाई, अभिमन्यूचा पिंड संसाराचा नाही हो.”

“समद्यांचाच नसतो,” त्या म्हणाल्या. “आमच्या मालकाचा तरी कुटं व्हता? केला ना संसार चाळीस वर्सं.”

एवढी मोठी अक्षतांची परात भरलेली पाहून माझं धैर्य गेलं. गावात राहायचं आहे. विरजण इथंच द्यायचं-घ्यायचं आहे. म्हाळूअण्णांनाही इथंच राहायचं आहे, पुतण्याच्या घरात. मी स्वतःला सांगितलं की हे त्यांच्यासाठीच चाललंय, आणि घरी येऊन दुसरा शेवट लिहायला बसलो. अंजूशी लग्न. दीड पान.

वत्सलाबाई मागून वाचत होत्या हे मला उशिरा कळलं. छत्तीस वर्षं मी त्यांना खात्याचे कागद वाचू दिले नाहीत, त्याचा त्यांनी निवृत्तीनंतर वचपा काढलाय.

“त्या पोरीला विचारलंत का?” त्या म्हणाल्या. “एक तांब्या पाणी काय दिलं बिचारीनं.”

मी कागद पालथा केला.

“लग्न होऊन परळीला आले तवा मला काय येत नव्हतं. पिठलं मला सटवाभावजींनी शिकवलं. तुमी आजून बोटं चाटता त्याला,” त्या म्हणाल्या. “काय लिहायचं ते लिहा,” आणि दिवा लावायला आत गेल्या.

समाप्तीच्या दिवशी मी दोन्ही शेवट लाल फडक्यात बांधून नेले. वर लग्नाचा, खाली सटवाचा. मंडपात दीडेकशे माणूस. बायकांच्या मुठींत अक्षता. हवालदार साध्या कपड्यांत, पहिल्या रांगेत. वर्षाराणीसुद्धा आली होती, चोर आष्टीचा नाही याची खात्री करायला. मागं बुंदीची कढई. आणि माझ्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, म्हाळूअण्णा. धुतलेला सदरा, पांढरी टोपी, अंगाला साबणाचा वास.

मी फडकं सोडलं. वरचा कागद हातात घेतला.

म्हाळूअण्णा पुढं वाकून म्हणाले, “शहादेव, शेवटचं पान हाय ना बे? का फाडलं कुनी?”

माइक चालू होता, त्यामुळे ते सगळ्या गावानं ऐकलं. गाव हसलं. मी नाही हसलो. मी लग्नाचं दीड पान काढलं, मांडीखाली घातलं आणि त्याच्यावर बसलो. मग खालचं पान उचललं. सोयरीकीचं वाक्य त्यात नव्हतं, ते मी वाचता वाचता घातलं.

“घोडी परभणीला सापडली,” मी वाचलं. “अभिमन्यू गाडीनं परळीला उतरला. अंजूच्या वडलांनी देऊ केलेली सोयरीक त्यानं हात जोडून परत केली होती, कारण त्याचं घर आधीच मांडलेलं होतं. इंजिनाच्या धुरानं सदरा काळा झाला होता. तो चालत घरी आला. दार लोटलेलं होतं. आत परमेश्वरनं चहा ठेवला होता. मागं न वळता परमेश्वर म्हणाला, ‘सापडली का?’ अभिमन्यू म्हणाला, ‘सापडली.’ ‘मग बस. होतोय चहा.’ परमेश्वरनं त्याचा सदरा काढून घेतला, दारात नेऊन झटकला आणि घडी घातली. अभिमन्यूनं आपल्या चपला परमेश्वरच्या चपलांशेजारी ठेवल्या. ते घर दोघांचं होतं. मरेपर्यंत दोघांचंच राहिलं.”

संपलं. हायवेवरसुद्धा त्या वेळी एक ट्रक जाऊ नये, हे काय म्हणावं? भामाबाईंची मूठ हवेत तशीच. सगळे सुंदररावांकडे बघायला लागले.

सुंदररावांनी माइक ओढला. तोंड उघडलं. मिटलं. जीव, शिव, देह, वासना, तीस वर्षांची सगळी शिदोरी त्यांच्या तोंडाशी आली असणार. पण त्यांचं लक्ष समोर गेलं. म्हाळूअण्णांच्या बंद पापण्यांखालून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. सुंदररावांना ते तेव्हा कळलं की आधीपासून माहीत होतं, मी विचारलेलं नाही.

“अर्थ...” ते म्हणाले. “अर्थ येवढाच, की गडी घरी आला.”

माझा चष्मा धुरकटला होता. तो काढायला मी हात वर केला.

आणि हलगी कडाडली. हलगीवाल्याचा दोष नाही, त्याला सांगितलं होतं तसंच त्यानं केलं. आणि हातात अक्षता असताना हलगी वाजली तर आपल्या माणसाचा हात थांबत नाही. जन्माची सवय. दीडशे मुठी एकदम सुटल्या. हवालदारांची सुटली, वर्षाराणीची सुटली. तांदूळ स्टुलावर, माइकवर, माझ्या टकलावर, आणि सगळ्यात जास्त पुढं बसलेल्या म्हाळूअण्णांवर पडले. टोपीवर, खांद्यांवर, मांडीवरच्या पंजात.

मग गडबड झाली, ती सांगतो. चार-पाच माणसं धोतर झटकत उठून गेली. एक जण जाताना मला बरंच काही बोलला, ते इथं लिहिण्याजोगं नाही. कुणीतरी विचारलं, “मंग नवरी कुटं हाय?” हवालदार म्हणाले, “बसा हो, तपास पूर्ण झालाय.” भामाबाईंच्या मुठीत अजून अक्षता होत्या. हात आधीच वर होता म्हणून की काय, त्यांच्या तेवढ्या सुटल्या नव्हत्या. त्या माझ्याकडे रागानं बघत पुढं आल्या. मला वाटलं, आता माझ्या तोंडावर मारतात. त्या म्हाळूअण्णांपुढं थांबल्या.

“अण्णा,” त्या म्हणाल्या, “तुमचा परळीचा मानूस वारला तवा आमी कुनी आलो न्हाई तुमच्या दारात.”

“न्हाई आले,” अण्णा म्हणाले.

भामाबाईंनी अक्षता फेकल्या नाहीत. त्यांच्या टोपीवर हातानं ठेवल्या. मग पदर खोचून माझ्यावर खेकसल्या, “बघत काय बसलाव? बुंदी गार व्हायलीय. पंगत बसवा!”

पंगत बसली. मी उठायला लागलो तर म्हाळूअण्णांनी माझं मनगट धरलं. ते मांडीवरचे, सदऱ्याच्या घड्यांतले तांदूळ बोटांनी चाचपून एकेक वेचत होते आणि रुमालाच्या टोकाला बांधत होते.

“टोपीवर राहिले का बघ बे,” ते म्हणाले. “नीट काढ. ह्यातले निम्मे सटवाचे हायेत.”